उभे करणारे हात

तीन वर्षांपूर्वीचा जून महिना. नीटचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते. मगरिबची नमाज आटोपून आम्ही शाळेचे नवे वेळापत्रक पुढ्यात घेऊन बसलो होतो, तोच दार वाजले. बाहेर आमची एक जुनी विद्यार्थिनी उभी होती, सोबत तिचे अम्मी-अब्बा. अब्बा चेंबूर स्टेशनच्या बाहेर फळांची गाडी लावतात. एरवी आमच्याकडे आले की हातात दोन-चार केळी किंवा एखादे पपईचे फळ असायचेच. त्या दिवशी हात रिकामे होते. निकाल काय लागला ते आम्हाला विचारावे लागले नाही.

पाणी झाले, चहा झाला. मग मुलगीच बोलली, "टीचर, एमबीबीएसला नंबर लागणार नाही. मला फिजिओथेरपीला जायचंय."

अब्बांनी लगेच आमच्याकडे पाहिले. "टीचर, आता तुम्हीच समजवा हिला. मालिश शिकायला साडेचार वर्षं कॉलेजात कशाला जायचं? आमच्या गावचा हाडवैद्य पण हेच करतो. त्यापेक्षा अजून एक वर्ष क्लास लावू, परत नीट देऊ दे."

खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी आमच्याकडे पक्के उत्तर नव्हते. उलट मनात एक जुनी बोच होती. काही वर्षांपूर्वी अशाच एका हुशार मुलीला आम्ही सल्ला दिला होता, "अजून एक वर्ष दे, होऊन जाईल." तिने दिले. झाले नाही. आम्ही पुन्हा तेच सांगितले. दुसऱ्या वर्षीही चार-पाच मार्कांनी हुकले, आणि तिसऱ्या वर्षी तिचे लग्न ठरले. ती आजही बाजारात भेटली की आदबीने सलाम करते, कधी तक्रार करत नाही. पण एमबीबीएसखेरीज आरोग्याच्या क्षेत्रात आणखी दारे आहेत, हे तिला सांगण्याइतकी माहिती आम्हीच गोळा केली नव्हती. ती चूक आमची.

म्हणून या वेळी आम्ही अब्बांकडून आठ दिवस मागून घेतले. ओळखीच्या फिजिओथेरपिस्टना भेटलो, कॉलेजांत जाऊन आलो, प्रवेशाची पुस्तिका वाचली. त्या आठ दिवसांत आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत जे कळले, ते आपल्या घराघरांत पोहोचावे म्हणून हा लेख.

दादीचा खांदा

मुलीने फिजिओथेरपीचे नाव काढले, ते मार्क कमी पडले म्हणून नव्हे. त्याचे कारण तिच्या घरातच होते.

त्याच्या आदल्या डिसेंबरात फजरच्या वजूला उठलेली तिची दादी मोरीतच कोसळली. लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे, तिन्ही गेले. दवाखान्यात जीव वाचला, आठ-दहा दिवसांनी घरी आणले. कागदावर औषधांच्या खाली एक ओळ होती : रोज फिजिओथेरपी.

घरच्यांनी माणूस शोधला. आला तो तरुण मुलगा, वागायला सभ्य, कामात हुशार. पण दादीने त्याला हात लावू दिला नाही. तोंड भिंतीकडे करून ती पडून राहिली. इलाजासाठी गरज असेल तर परक्या माणसाचा हात लागलेला चालतो, हे मौलानांनीही येऊन समजावले. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईने ज्या लाजेत आयुष्य काढले, ती लाज एका दिवसात कशी सुटणार? खर्चाला परवडेल अशी बाई थेरपिस्ट जवळपास मिळेना. शेजारणींनी तेल सांगितले, तेल लावले. दादीला उठवायचे तर सगळे तिचा लुळा हात धरून ओढत. मायेनेच ओढत होते, पण ओढत होते.

असे अडीच महिने गेले. शेवटी ओळखीतून एक बाई थेरपिस्ट मिळाल्या. त्यांनी आधी दादीच्या हाताला हात लावला नाही. खोली पाहिली. पलंग भिंतीपासून सरकवून घेतला. लुळ्या हाताखाली उशी कशी ठेवायची ते दाखवले. "दादी ज्या बाजूला बघत नाहीत, त्या बाजूला बसून बोला म्हणजे त्या तिकडे वळतील," असे सांगितले. आणि मग शांतपणे म्हणाल्या, "इथून पुढे हा हात धरून कोणी ओढायचं नाही. खांद्याचा सांधा आधीच निसटायला लागलाय."

लकव्यानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. मेंदूचा जो भाग निकामी झाला, त्याचे काम शेजारचा भाग उचलू लागतो. पण त्याला ते काम पुन्हा पुन्हा करून शिकवावे लागते. दादीचे ते महिने भिंतीकडे बघण्यात गेले. पाय बराचसा सुधारला, काठी घेऊन ती घरात चालू लागली. बोलणेही हळूहळू आले. खांदा मात्र आखडला तो आखडलाच.

बारावीची पुस्तके मांडीवर घेऊन ती मुलगी हे सारे बघत होती. आपली बाई-माणसे वेदना सोसून घरात बसतात, कारण त्यांना हात लावायला बाई नाही, ही गोष्ट तिला पुस्तकातून कळली नव्हती.

पोलिओ, एक आई आणि हाजी अली

हे शिक्षण आपल्याला नवे वाटते, पण या देशात त्याची मुळे आपल्या मुंबईतच आहेत. आणि त्या कहाणीच्या सुरुवातीला एक मुस्लिम आई आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

फातिमा इस्माईल हे तिचे नाव. स्वातंत्र्याच्या चळवळीत काम केलेल्या या बाईंच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओ झालेले मूल म्हणजे आयुष्यभर एका जागी बसलेले मूल, असेच लोक धरून चालत. फातिमाबाईंनी ते मानले नाही. मुलीला घेऊन त्या थेट मद्रासपर्यंत गेल्या. स्नायूंना रोज नेमाने व्यायाम दिला तर मूल उभे राहू शकते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. मग प्रश्न पडला, ज्या आयांना मद्रासला जाता येत नाही त्यांच्या मुलांचे काय? १९४७ साली डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या चौपाटीवरच्या दवाखान्यात त्यांनी पोलिओच्या मुलांसाठी उपचार सुरू केले. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. हाजी अलीजवळचे मुलांचे रुग्णालय हे त्याच संस्थेचे काम. १९५८ मध्ये फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली, पुढे १९७८ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

याच काळात परळच्या के.ई.एम. रुग्णालयातही पाया घातला जात होता. अमेरिकेतून येऊन इथल्या सून झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये तिथे ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. पाठोपाठ, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळाही के.ई.एम.मध्येच निघाली. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था हाजी अलीला उभी राहिली. दर्ग्याला जाताना आपण कितीदा त्या इमारतीवरून गेलो असू, आत काय चालते हे कधी विचारले नाही.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजाराने हा पेशा आणला तो आजार गेला. काम मात्र वाढले. माणसे जास्त जगू लागली, लकवा, गुडघे, मधुमेह, अपघात घरोघर आले. कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात रुग्णाला पालथे झोपवणे, कफ मोकळा करणे, श्वास पुन्हा ताळ्यावर आणणे, या कामात फिजिओथेरपिस्ट होते.

मालिश आणि फिजिओथेरपी

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एका थेरपिस्टनी एका उदाहरणात दिले. एखाद्याची पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, दुखू लागली. मालिशवाला ती जोरात चोळेल. पण आत शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि जीवही जाऊ शकतो. शिकलेला माणूस अशा पायाला हात लावणार नाही, आधी डॉक्टरकडे पाठवेल. मधुमेहाने ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे त्याला गरम शेक दिला तर पाय भाजेल आणि त्याला कळणारही नाही. छातीत पेसमेकर असलेल्याला काही विजेची यंत्रे लावताच येत नाहीत. काय करायचे याइतकेच काय करायचे नाही हे कळायला ही वर्षे लागतात.

महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली शिकवली जाते. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराची रचना आणि त्याचे काम. एकेक स्नायू कुठून सुरू होतो, कुठे जोडला जातो, कोणती नस त्याला चालवते, हे तोंडपाठ करावे लागते. पुढे शरीराची हालचाल कशी घडते त्याचे शास्त्र, व्यायामोपचार, विजेच्या यंत्रांचे उपचार, आजारांची माहिती, औषधांची ओळख, मानसशास्त्र. नंतर शस्त्रक्रिया आणि वैद्यकाचे विषय येतात. शेवटच्या वर्षी हाडे-स्नायू, मेंदू-मज्जा, हृदय-फुप्फुस आणि वस्तीतले आरोग्य अशा चार शाखा. सोबत वॉर्ड आणि ओपीडी, शेवटी इंटर्नशिप.

आजवर हा अभ्यासक्रम चार वर्षे आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा होता. २०२१ च्या कायद्याने या सर्व पेशांसाठी राष्ट्रीय आयोग झाला. त्याने २०२५ मध्ये जाहीर केलेला नवा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, त्यात शेवटचे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे. आता प्रवेश घेणाऱ्यांनी पाच वर्षांचाच हिशेब धरावा.

पदवीनंतर महाराष्ट्रात काम करायचे तर राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी. आपणही घरी कोणाला बोलावताना नोंदणी आहे का, हे जरूर विचारावे. दोन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारे आपल्या गल्ल्यांतही आहेत.

आपल्या वस्तीत काम किती

चेंबूरपासून गोवंडी, शिवाजीनगर, चीता कॅम्पपर्यंत एक फेरी मारली तरी या पेशाची गरज समजते. खाली दहा बाय दहाची खोली, वर माळा, आणि वर जायला लोखंडी उभी शिडी. अशा माळ्यावर लकवा झालेला माणूस राहत असेल तर तो वर्षानुवर्षे खाली उतरत नाही. जरीकाम करणारी मुले अड्ड्यावर मान वाकवून तासन् तास बसतात आणि तिशीतच मान धरून फिरतात. रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्यांची कंबर जाते. पाण्याचे हंडे उचलून बायांचे गुडघे आणि पाठ जाते. टीबी बरा झाला तरी अनेकांचा दम कायमचा कमी होतो, त्यांना श्वासाचे व्यायाम कोणी शिकवत नाही. उशिरा बसणारी, उशिरा चालणारी मुले "होईल आपोआप" म्हणून घरातच ठेवली जातात आणि त्यांची मोलाची वर्षे निघून जातात.

आणखी एक गोष्ट. मशिदीत आता खुर्च्या वाढल्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून बसून नमाज पढण्याची सवलत आपल्या दीनने दिलेलीच आहे. पण पुष्कळांच्या मनात सज्दा जमिनीवर करता येत नाही याची खंत असते. गुडघ्याच्या झिजेवर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा नेमाचा व्यायाम हा पहिल्या इलाजांपैकी एक आहे. रुकूत पाठ कशी राहते, सज्द्यात गुडघा किती दुमडतो, कायद्यात घोट्यावर किती भार येतो, हे ज्याला स्वतःला माहीत आहे असा थेरपिस्ट म्हाताऱ्याला सांगू शकतो, की आज एवढेच खुर्चीवर करा, महिन्याने थोडे पुढे जाऊ. गुडघा बदललेल्या माणसाला मात्र जमिनीवर बसण्याआधी सर्जनला विचारायला लावतो. रमजानमध्ये मधुमेही माणसाने व्यायाम इफ्तारनंतर करावा की आधी, हेही त्याला सांगावे लागत नाही.

आणि भाषा. लकव्याने बोलणे अडलेल्या दादीला तिच्याच बोलीत "पंजा वर उचल गं" म्हणणारे कोणी हवे असते. उर्दू, मराठी, दखनी, कोकणी बोलणारी आपली मुले ही जागा भरू शकतात. हे आम्ही केवळ मुलींबद्दल म्हणत नाही. मुलांनाही या पेशात तेवढाच वाव आहे. पण आपल्या घरांतल्या बायांपर्यंत पोहोचायचे तर मुलींची गरज जास्त आहे.

आधी खरे सांगू

आता दुसरी बाजू. ती लपवून मुलांना पाठवू नये.

अभ्यास सोपा नाही. "मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून हे" असे समजून आलेली मुले पहिल्या वर्षाच्या अ‍ॅनाटॉमीतच अडखळतात. शिक्षण इंग्रजीतून आहे. नीटची परीक्षा उर्दूत किंवा मराठीत देता येते, पण कॉलेजात पुस्तक, व्याख्यान, पेपर सारे इंग्रजी. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी बारावीच्या सुट्टीत अ‍ॅनाटॉमीचे इंग्रजी शब्द पाठ करायला घ्यावेत. आमच्या विद्यार्थिनीने पहिले चार महिने रोज वीस शब्द वहीत उतरवले, समोर उर्दूत अर्थ लिहिला. तिची ती वही आता आणखी दोन मुली वापरत आहेत.

अंगमेहनत आहे. जड रुग्णाला उठवायचे, बसवायचे, धरून चालवायचे. वॉर्डात बाई-पुरुष सर्व प्रकारचे रुग्ण येतात, शिकताना निवड करता येत नाही. बाह्या वर करून कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. हे प्रश्न प्रवेशाआधी घरात बसून मोकळेपणाने बोलून घ्यावेत, तिसऱ्या महिन्यात नव्हे. हिजाब घालून उत्तम काम करणाऱ्या थेरपिस्ट आम्ही पाहिल्या आहेत.

सुरुवातीचा पगार कमी असतो. खासगी क्लिनिकमध्ये पहिली एक-दोन वर्षे हाती पडणारे पैसे पाहून आई-बाप निराश होतात. अनुभव, पुढे दोन वर्षांची मास्टर पदवी, स्वतःचे क्लिनिक किंवा घरी जाऊन उपचार, यातून कमाई हळूहळू वाढते. रुग्णालये, खास मुलांच्या शाळा, क्रीडा संघ, वृद्धाश्रम, मोठे कारखाने अशा जागा आहेत. आखाती देशांतही मागणी आहे, पण तिथे अनुभव आणि त्या देशाची परवाना परीक्षा लागते, नुसत्या पदवीवर कोणी नेत नाही. लग्नानंतर वेळ आपल्या सोयीने ठरवून काम चालू ठेवता येते, हा मुलींसाठी मोठा फायदा.

नावापुढे डॉक्टर लावायचे की नाही, यावर देशात वाद चालू आहे. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने "लावू नये" असे पत्र काढले आणि लगोलग ते मागे घेतले. आमचे म्हणणे इतकेच, की केवळ त्या दोन अक्षरांसाठी कोणी या वाटेला जाऊ नये.

प्रवेशाची वाट

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवे. नीट द्यावीच लागते. त्यानंतर राज्याच्या सीईटी कक्षाकडे नोंदणी करून कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे. इथे अनेक जण चुकतात. एमबीबीएसला नंबर नाही म्हणून नोंदणीच करत नाहीत, आणि फिजिओथेरपीची फेरी निघून जाते.

मुंबईत महानगरपालिकेच्या के.ई.एम., सायन आणि नायर या कॉलेजांत हे शिक्षण आहे. तिथली फी खासगीच्या मानाने खूपच कमी, म्हणून चुरसही जास्त. चेंबूरकरांना जवळ म्हणजे हार्बर लाइनवर चुनाभट्टीला उतरून सोमय्याचे कॉलेज. वाशीच्या दिशेने गेले तर नेरूळ आणि कामोठ्याला कॉलेजे आहेत. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला यांच्या नावाचे फिजिओथेरपी कॉलेज आहे. पसंतीक्रम भरण्याआधी एकेका कॉलेजात जाऊन यावे आणि एकच प्रश्न विचारावा, मुलांना शिकायला रुग्ण किती आणि कोणत्या रुग्णालयात मिळतात? इमारत चकचकीत आणि ओपीडी ओस, असे कॉलेज काय कामाचे?

फीबद्दल एक मोठी गोष्ट अजूनही आपल्या घरांत पोहोचलेली नाही. ८ जुलै २०२४ च्या राज्य शासनाच्या निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत लागू नाही, म्हणून पसंतीक्रम भरतानाच कॉलेज कोणत्या प्रकारचे आहे ते बघावे.

आपल्यातले मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी असे कितीतरी समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढलेला नसतो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर, ही तिन्ही कागदपत्रे लागतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आमच्या विद्यार्थिनीच्या अब्बांनी तो कराडजवळच्या गावी, आपल्या वालिदांच्या जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरात शोधला. दोन फेऱ्या झाल्या, गाडी चार दिवस बंद राहिली. पण त्या एका नोंदीने मुलीची फी वाचली. हे काम निकालानंतर करायचे नसते, अकरावीतच अर्ज करावा. जे ओबीसीत बसत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीही आहे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी आठवड्यातून एक तास मशिदीच्या ओट्यावर बसून हे अर्ज भरून दिले तरी केवढे काम होईल!

आज

आठ दिवसांनी आम्ही चेंबूर स्टेशनबाहेर त्या फळांच्या गाडीवर गेलो. पोटरीच्या गुठळीची गोष्ट सांगितली, पगाराची खरी गोष्टही सांगितली. अब्बा सफरचंदे पुसत ऐकत होते. गिऱ्हाईक आले, गेले. शेवटी त्यांनी विचारले, "म्हणजे माझ्या अम्मीचा हात आम्हीच ओढून ओढून घालवला का?" आम्ही म्हणालो, "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीची नोंदणी झाली.

ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. दादी खुर्चीवर बसून नमाज पढते. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तो आता जाणारही नाही, हे नात स्वच्छ सांगते. पण सांगितलेले व्यायाम रोज असरनंतर ती करून घेते, म्हणून बोटे उघडतात, तसबीह धरता येते. गल्लीतल्या बाया "जरा माझा गुडघा बघ" म्हणून येतात. ती त्यांना हात लावत नाही. "खाला, माझी अजून नोंदणी झालेली नाही. सोमवारी माझ्यासोबत सायनच्या ओपीडीला चला," असे म्हणते. मागच्या महिन्यात पाच जणींना घेऊन गेली. त्यांतल्या दोघी पहिल्यांदाच कोणाला तरी आपली पाठ दाखवत होत्या.

येत्या जूनमध्ये आपल्याही घरात एखादा निकाल रिकाम्या हातांनी येईल. तेव्हा रागावण्याआधी, किंवा "अजून एक वर्ष" म्हणण्याआधी, आठ दिवस थांबा. जवळच्या फिजिओथेरपी विभागात मुलाला किंवा मुलीला एक सकाळ नुसते बसवा, काय चालते ते बघू द्या. आवडले तर पुढे जावे, नाही आवडले तर दुसरी वाट शोधावी. आणि घरात लकव्याचा रुग्ण असेल तर आजपासूनच त्याचा लुळा हात धरून ओढू नका, त्या हाताखाली उशी ठेवा.